फोर्टमधील शिल्पे आणि रविवारची फेरी : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव
सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ज्येष्ठ नागरिक आणि मुले यांच्यासाठी फोर्ट परिसरात पायी फेरी काढावी, अशी सूचना ए-३०४ च्या ताईंनी केली आहे. तिकीट काढून आत जाण्याची ठिकाणे वगळून रस्त्यावर, चौकांत आणि इमारतींच्या दर्शनी भागांवर असलेली शिल्पेच पाहावीत, अशी त्यांची कल्पना आहे. बसचे भाडे सांस्कृतिक निधीतून द्यावे लागणार असल्यामुळे सभासदांनी आपली मते येथेच मांडावीत, ही विनंती.

बी-१०२
माझी सगळी नोकरी फोर्टमध्ये झाली, त्यामुळे स्पष्टच लिहितो. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव, म्हणजे रस्त्यावर शिल्पे मांडणारा नऊ दिवसांचा कलामहोत्सव, सुरू झाला की के. दुभाष मार्ग वाहनांना बंद होतो, आजूबाजूच्या रस्त्यांवर कोंडी होते आणि संध्याकाळी टॅक्सी मिळवण्यासाठी पार चर्चगेटपर्यंत चालावे लागते. नऊ दिवस लोक फोटो काढतात, दहाव्या दिवशी ती शिल्पे टेम्पोत भरून निघून जातात. यातून त्या भागाला काय मिळते, हे मला आजवर उमगलेले नाही. लिफ्टचे काम रखडलेले असताना निधी अशा गोष्टींवर खर्च करण्यास माझा विरोध आहे.

ए-३०४
काका, कोंडीची आपली तक्रार रास्त आहे. परंतु रस्ता बंद होणे ज्याला आपण त्रास म्हणता, ते मला त्या नऊ दिवसांतील सर्वांत मोलाचे वाटते. फोर्ट हा दिवसा कचेऱ्यांचा आणि रात्री पहारेकऱ्यांचा भाग आहे. रविवारी तेथे धड चहा मिळण्याची मारामार असते. अशा ठिकाणी विरार-डोंबिवलीहून माणसे मुलाबाळांसह येतात, कोणत्याही कामाशिवाय रस्त्याच्या मधोमध उभ्या केलेल्या मांडणीशिल्पाभोवती फिरतात, ते कशाचे बनवले आहे यावर आपसांत वाद घालतात, आणि त्यांतील पुष्कळ जण जहांगीर कलादालनाची पायरी त्याच दिवशी प्रथम चढतात. हे कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले आणि प्रवेशाला कधीच कोणाची आडकाठी नव्हती, तरीही काचेचे दार पाहून बिचकणारा माणूस फुटपाथवरच्या शिल्पापाशी मात्र बिनदिक्कत थांबतो. मी शाळेत चित्रकला शिकवत असताना हे मुलांच्या पालकांमध्ये वारंवार पाहिले आहे.

आणि गल्ली अडवण्याविषयी आपण गिरगावकरांनी बोलावे, हे जरा गमतीचेच आहे. केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हापासून आपण वर्षातील दहा दिवस रस्त्यावर मूर्ती आणि देखावे मांडतच आलो आहोत. एरवी एकमेकांची नावेही ठाऊक नसलेली माणसे त्या दहा दिवसांत मंडपापाशी तासन्‌तास उभी राहतात. दहा दिवसांनी विसर्जन होते म्हणून त्या देखाव्यांतून काहीच मिळाले नाही, असे आपण कधी म्हणत नाही.

आता काळा घोडा या चौकाविषयी. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे राजे सातवे एडवर्ड, १८७५-७६ मध्ये मुंबईला आले होते. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी बोहम या शिल्पकाराकडून त्यांचा अश्वारूढ पुतळा करवून घेऊन शहराला दिला. १९६५ मध्ये तो तेथून हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला. तरीही लोक त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले, आणि २०१७ मध्ये काळा घोडा असोसिएशनने तेथे श्रीहरी भोसले यांनी घडवलेला नवा घोडा उभा केला. या घोड्यावर स्वार नाही. राजाला परत न आणता चौकाला त्याची खूण परत मिळाली, ही तोड मला अतिशय समंजस वाटते.

बी-४०३
ताई, माझी दोन्ही मुले येतील. फक्त एक विचारते : प्रत्येक ठिकाणी ‘हात लावू नका’ असेच ऐकावे लागणार असेल, तर मुले लवकर कंटाळतील.

ए-३०४
तशी वेळ सर्वत्र येणार नाही. क्रॉस मैदानाच्या उद्यानात वास्तुविशारद नुरू करीम यांचा सुमारे ३० फूट उंचीचा पोलादी चरखा आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहून मुलांना वर पाहू द्यावे. शिवाजी महाराज टर्मिनसच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ आहे. सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा, असे त्यांचे संकेत आहेत. त्या इमारतीच्या नक्षीकामात मोर, माकडे आणि नाना प्रकारची पाने-फुले दडलेली आहेत व त्यातील बरेचसे काम आपल्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेले आहे. मुलांना माकड शोधायला लावले की अर्धा तास सहज जातो. मोठ्यांनी मात्र दर्शनी भागावरील गोल चौकटींतले चेहरे पाहावेत, कारण रेल्वे कंपनीच्या पहिल्या संचालकांच्या त्या पंक्तीत आपले जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे नाना, आहेत. गिरगावात त्यांचे नाव रोज घेतले जाते, पण मान वर करून त्यांना तेथे पाहिलेला माणूस मला क्वचितच भेटला आहे.

सी-२०१
वास्तुविशारद म्हणून थोडी भर घालतो. उघड्यावर शिल्प मांडणे हे निम्मेच काम असते. समुद्राची खारी हवा, पक्ष्यांची विष्ठा आणि वाहनांचा धूर यांपासून ते वाचवणे हे उरलेले निम्मे, आणि त्यासाठी पैसे कोणी ठेवत नाही. ब्राँझचा पुतळा वेळोवेळी सौम्य साबणाने धुऊन त्यावर मेणाचा थर द्यावा लागतो. आपल्याकडे जयंती जवळ आली की रंगाचा डबा उघडला जातो. १८६४ मध्ये पोर्टलंड दगडात घडवलेल्या फ्लोरा फाउंटनवरही रंगाचे थरावर थर चढले होते. ते काढून, आतली जलवाहिनीची व्यवस्था दुरुस्त करून कारंजे २०१९ च्या जानेवारीत पुन्हा सुरू करण्यात आले. तेव्हापासून तेथे संध्याकाळी लोक बसलेले दिसतात. पूर्वी त्या बेटावर जाण्याचे कारणच नव्हते.

दुसरे असे की चौथऱ्यावर नेहमी कायमचाच पुतळा हवा, असे नाही. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातील चौथा चौथरा पैशांअभावी दीडशे वर्षे रिकामा होता. १९९९ पासून त्यावर ठरावीक काळासाठी नवनवी शिल्पे ठेवली जातात, आणि २००९ मध्ये तर १०० दिवस दर तासाला एक याप्रमाणे २,४०० सामान्य नागरिकांना त्यावर उभे राहू दिले गेले. एखादे शिल्प आवडले नाही तरी ते जाणार आहे हे ठाऊक असल्याने लोक मोकळेपणाने भांडतात, आणि पुढे काय येणार याविषयी पुन्हा बोलू लागतात. आपल्याकडे पुतळा बसला की त्याविषयीचे बोलणे संपते. उरतात ते हार आणि कठडा.

ए-३०४
हे मात्र सरसकट खरे नाही. फ्लोरा फाउंटनच्या शेजारीच हुतात्मा स्मारक आहे. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार तेथे उभे आहेत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांना वंदन करण्यासाठी माणसे आजही तेथे आपणहून जातात. रोमन देवतेचे कारंजे आणि आपली मशाल एकाच चौकात आहेत. १९६१ मध्ये गेटवेसमोर सदाशिव साठे यांनी घडवलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. राज्य नुकतेच स्थापन झाले होते आणि नव्या राज्याने आपल्या खुणा उघड्यावर मांडल्या. असे पुतळे हलते नकोतच. परंतु त्यांच्याबरोबरीने बदलती शिल्पेही हवीत, हे आपले म्हणणे मला मान्य आहे.

बी-१०२
दोघांचेही वाचले. लिफ्टचा मुद्दा मी सोडलेला नाही. भाडे प्रत्येकाने आपले आपण भरावे, म्हणजे वाद राहणार नाही. मात्र फेरी काढणारच असाल, तर महात्मा गांधी मार्गावरील न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत वगळू नका. १९३६ ची ती इमारत; तिच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांनी केलेली कष्टकरी माणसांची भलीमोठी उठावशिल्पे आहेत. मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या खालून जात असे. ती पाहायची असतील तर समोरच्या फुटपाथवर उभे राहावे लागते, आणि कामाच्या दिवशी तेथे गर्दीचा असा लोंढा असतो की थांबणाऱ्याला धक्के बसतात. त्या दृष्टीने रविवार बरा. आणखी एक : या सगळ्या रस्त्यात वृद्धांना बसायला बाक नाहीत आणि स्वच्छतागृहे शोधावी लागतात. पालिकेला पत्र लिहायचेच असेल तर नव्या शिल्पांबरोबर बाकांचीही मागणी करा. गुडघे दुखू लागले की माणसाला कोणतेही शिल्प दिसत नाही.

सचिव
काकांच्या दोन्ही सूचना कार्यकारिणीला मान्य आहेत. भाडे प्रत्येकी घेतले जाईल. बस सकाळी सात वाजता फाटकाशी येईल. टर्मिनसपासून सुरुवात करून फ्लोरा फाउंटन, न्यू इंडियाची इमारत, क्रॉस मैदान आणि काळा घोडा या क्रमाने गेटवेपर्यंत जाऊ. ज्यांना इतके चालणे झेपणार नाही, त्यांनी बसनेच काळा घोडा येथे उतरावे. राणीच्या बागेतील मूळ पुतळा या फेरीत बसत नाही. त्यासाठी भायखळ्याला वेगळे जावे लागेल. सी-२०१ यांनी पालिकेसाठी बाक आणि बदलत्या शिल्पांविषयीच्या पत्राचा मसुदा शुक्रवारपर्यंत येथे द्यावा, आणि येणाऱ्यांनी आपला सदनिका क्रमांक व माणसांची संख्या याच संदेशाखाली कळवावी.

बी-१०२
बी-१०२, दोन माणसे.