कॅनडात वाढलेली पुतणी नागपुरात लॅक्रॉस सुरू करते म्हणते, सुरुवात कुठून करावी?

रविनगरची काकू:
नमस्कार मंडळी. माझी पुतणी टोरांटोत जन्मली, तिथेच वाढली, शाळेपासून लॅक्रॉस खेळते, म्हणजे जाळीच्या काठीने बॉल झेलत-फेकत गोल करायचा खेळ. या डिसेंबरात आली ती खेळाची काठी सोबत घेऊनच, टोकाला जाळी असते तिला, सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, अगं हा तर आंबे उतरवायचा झेला! रोज सकाळी गल्लीतली सातआठ पोरं जमवून खेळवते आणि आता म्हणते कॉलेज संपलं की दोन वर्षं इथेच राहते, टीम उभी करते, 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आहे तर पुढेमागे भारताकडून खेळते. भावजींना हे खूळ वाटतं, मला नाही वाटत. पण तिच्याकडे कॅनडाचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे, त्यावर खेळता येतं का?

धंतोलीकर:
नाही येत काकू. 2008 साली क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की भारताच्या टीममध्ये भारतीय पासपोर्टवालेच, आणि आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही. फुटबॉलवाला इझुमी अराता, बाबा गुजराती आई जपानी, त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं तेव्हा कुठे 2013 मध्ये भारताकडून खेळला. एवढ्या लहान वयात लगेच सोडू नका म्हणा, पण शिकवायला कोणी अडवत नाही.

थंडीतला संत्रा:
नायजेरियाच्या बॉबस्लेवाल्या पोरी बघायला सांगा तिला, बॉबस्ले म्हणजे धक्का मारून आत बसायचं आणि बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं, त्या गाडीची शर्यत. शेउन अडिगुन अमेरिकेत जन्मलेली, 2012 ला लंडनमध्ये नायजेरियाकडून 100 मीटर हर्डल्स पळाली, मग डोक्यात आलं बॉबस्ले. बर्फ नाही, गाडी नाही, तर ह्यूस्टनमध्ये गॅरेजात लाकडाची गाडी स्वतः ठोकून तिच्यावर धक्का मारायची प्रॅक्टिस केली, लोकांकडून ऑनलाइन वर्गणी जमवली आणि 2018 ला प्याँगचँगच्या हिवाळी ऑलिम्पिकला पोचल्या. शेवटचा, विसावा नंबर आला, पण आफ्रिका खंडातून ऑलिम्पिकच्या बॉबस्लेत उतरलेली ती पहिलीच टीम. तिकडे दोन पासपोर्ट चालतात म्हणून ती अडचण आली नाही, आपल्याकडे ती आहे. पण गाडी नव्हती तर लाकूड ठोकलं, हे मला फार मोठं वाटतं.

पीटीवाले सर:
काकू पासपोर्टचं मंग पाहू, आधी पोट्टे जमवा. मी 22 वर्षं झाले शाळेत पीटी शिकवून राहिलो, नवीन खेळ रुजते तो चार पोट्टे रोज आल्यानं. ऑलिम्पिकचा प्रकार सिक्सेस आहे, एका बाजूनं सहा जण, आठ आठ मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे बारा पोट्टे झाले का मॅच होते. काठ्या बाहेरून मागवणं महाग पडन, बांबूले रिंग अन् जाळी बांधा, झेला म्हणा, विदर्भातल्या पोट्ट्याले लगेच समजते. बॉल मात्र खरा नका देऊ, ठोस रबराचा असते, दीडशे ग्रॅमच्या आसपास, लेदर बॉलसारखा लागते. पहिला महिना टेनिस बॉल. अन् एप्रिल-मे मध्ये सकाळी लवकर आटपा, आपलं ऊन माहीतच आहे.

रविनगरची काकू:
सर, खूप धन्यवाद, कालच बांबू आणले. पोरांचा बॉल पळताना जाळीतून सारखा पडत होता, पुतणी इंग्रजीत समजावून थकली, शेवटी सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, अरे सूप पाखडता तसं मनगट हलवा की! पलीकडच्या गल्लीतली एक पोरगी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली, बॉल जाळीतच. पुतणीने तिला उचलूनच घेतलं. उद्या भावजींना फोन करते.