परदेशातल्या पाट्या: ‘आउसफार्ट’, ‘फ्राय’ आणि जपून घसरणं

प्रश्न:
जर्मनीत महामार्गावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘आउसफार्ट’ लिहिलेलं असतं. तीच पाटी पुन्हापुन्हा दिसते, म्हणून नवख्याला ते एखाद्या मोठ्या गावाचं नाव वाटतं. अर्थ ‘बाहेर पडायची वाट’ आहे हे समजलं. मग स्टेशनात आणि इमारतींत ‘आउसगांग’ का लिहितात? मराठीत हा फरक कसा दाखवावा?

उत्तर:
‘आउस’ म्हणजे बाहेर, ते दोन्हीकडे सारखंच. फरक कशाने जायचं यात आहे. ‘फार्ट’ हे नाम ‘फारन’ म्हणजे वाहनाने जाणं या क्रियापदावरून आलंय. ‘गांग’चा संबंध चालत जाण्याशी. बहुमजली वाहनतळात दोन्ही पाट्या दिसतात आणि घोळ तिथेच होतो. गाडी लावून पायी निघालेला माणूस ‘आउसफार्ट’च्या बाणामागे गेला, तर गाड्या उतरतात त्या उतारावर पोचतो. जिना किंवा लिफ्ट हवी असेल तर ‘आउसगांग’ शोधायचं. आपलं ‘जाणे’ गाडीलाही चालतं आणि पायांनाही, त्यामुळे नुसतं ‘बाहेर’ लिहिलं की भेद पुसला जातो. ‘वाहनांसाठी बाहेर’ आणि ‘पायी बाहेर’ हे मला पुरेसं वाटतं. ‘निर्गमद्वार’ नको. महामार्गाला दार कुठलं?

पुरवणी, व्युत्पत्तीची:
या पाटीवर इंग्रजी जाणणारे हसतात ते उच्चारसाम्यामुळे. दोन शब्दांचं मूळ मात्र वेगळं आहे. इंग्रजीतला तो वात सरण्याचा शब्द संस्कृत ‘पर्दते’चा भाऊबंद, म्हणजे आपल्या ‘पादणे’चा नातलग. जर्मन ‘फार्ट’ संस्कृत ‘पिपर्ति’, ‘पारयति’ यांच्या कुळातला, म्हणजे पलीकडे नेणं, पार करणं. स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये ‘फार्ट’ म्हणजे वेग. नॉर्वेत ‘फार्ट्सहुम्प’ दिसलं की पुढे गतिरोधक आहे, गाडी हळू करा.

प्रश्न:
जर्मन ‘फ्राय’ म्हणजे फुकट ना? मग लाल कड्याच्या गोल पाटीखाली ‘आनलीगर फ्राय’ कशाला?

उत्तर:
या शब्दाचा गाभा ‘मोकळं’ हा आहे, ‘फुकट’ नव्हे. ‘त्सिमर फ्राय’ म्हणजे खोली रिकामी आहे, भाडं द्यावंच लागेल. ‘आइनफार्ट फ्रायहाल्टन’ म्हणजे गाड्या आत जायची वाट मोकळी ठेवा, इथे गाडी उभी करू नका. ‘आइनट्रिट फ्राय’ असेल तेव्हाच प्रवेशाला पैसे पडत नाहीत. लाल कड्याचं पांढरं, आतून कोरं वर्तुळ म्हणजे सर्व वाहनांना बंदी. कोरं असल्यामुळे पाटी अर्धवट राहिली असं वाटतं, पण ती पूर्ण आहे. तिच्याखालच्या पट्टीवरचं ‘फ्राय’ म्हणजे त्या बंदीतून सूट. ‘आनलीगर’ म्हणजे त्या रस्त्यावर राहणारे किंवा तिथे कुणाकडे काम असलेले. भेटायला आलेला पाहुणाही त्यात बसतो. रस्ता जवळचा पडतो म्हणून नुसतं पलीकडे जाणारा बसत नाही. मराठी शब्द ‘मुभा’. ‘फाररेडर फ्राय’ म्हणजे सायकलींना मुभा.

प्रश्न:
चीनमधली ‘जपून घसरा’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी भाषांतर करणाऱ्याच्या आळसामुळे होते का?

उत्तर:
निव्वळ आळस म्हणणं अन्यायाचं होईल, कारण मूळ चिनी पाटीच्या चार अक्षरांतच फाटा आहे. पहिली दोन ‘श्याओ-शिन’, शब्दशः लहान मन, अर्थ सावध. चौथं ‘ह्वा’, म्हणजे निसरडं किंवा घसरणं. अडचण तिसऱ्यात. ते अक्षर ‘दी’ वाचलं तर जमीन. तेच ‘द’ वाचलं तर आपल्या ‘पणे’सारखा क्रियाविशेषणाचा प्रत्यय. पहिल्या वाचनाने ‘सावध, जमीन निसरडी’, दुसऱ्याने ‘सावधपणे घसरा’. पाटीवर स्वल्पविराम नसतो, आणि यंत्राने किंवा शब्दकोशावरून भाषांतर करणाऱ्याने दुसरं वाचन धरलं की झालं. चीनमध्ये सार्वजनिक ठिकाणच्या इंग्रजी मजकुरासाठीची राष्ट्रीय मार्गदर्शक मानकं १ डिसेंबर २०१७ पासून लागू आहेत.

पुरवणी:
वेल्समधलं उदाहरण मात्र खरंच निष्काळजीपणाचं. तिथे रस्त्याच्या पाट्या इंग्रजी आणि वेल्श अशा दोन्ही भाषांत असतात. २००८ साली स्वॉन्झीत अवजड वाहनांना बंदीची पाटी लागली. तिचा वेल्श भाग सांगत होता, ‘मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचं काम पाठवून द्या.’ भाषांतरासाठी पाठवलेल्या ईमेलला आलेलं आपोआप उत्तरच भाषांतर समजून रंगवलं गेलं होतं. पाटी रंगवण्याआधी ती भाषा वाचणाऱ्या एकाला तरी दाखवली असती तर हे टळलं असतं.

प्रश्न:
ब्रिटनमध्ये ‘हेवी प्लांट क्रॉसिंग’ आणि ‘कॅट्स आइज रिमूव्हड’ या पाट्यांचा अर्थ काय?

उत्तर:
इथे ‘प्लांट’ म्हणजे झाड नव्हे, बांधकामाची अवजड यंत्रं. ती रस्ता ओलांडतात, वेग कमी करा. ‘कॅट्स आइज’ म्हणजे डांबरात बसवलेली, दिव्याचा उजेड परत फेकणारी काचेची बटणं. ब्रिटिश संशोधक पर्सी शॉ यांनी ती १९३० च्या दशकात बनवली. ती काढलेली असली की रात्री मार्गिकेची रेघ चमकत नाही, म्हणून ही सूचना.

प्रश्न:
इटलीतल्या नळावरचं ‘सी’ म्हणजे गार ना?

उत्तर:
उलट! ‘काल्दो’ म्हणजे गरम. स्पेनमध्ये ‘कालिएन्ते’, फ्रान्समध्ये ‘शो’, आणि तिन्हींचं पहिलं अक्षर ‘सी’च. गार पाण्याचं अक्षर तिन्हीकडे ‘एफ’. इंग्रजीच्या सवयीने ‘सी’ पूर्ण उघडून हात खाली धरला तर भाजतो. आधी नळावरचा लाल-निळा ठिपका पाहा. तो नसेल तर थोडंच उघडून बोटाच्या टोकाने अंदाज घ्या.