एमएच४३४ : लष्करानंतर कुणाकुणाकडे होतं?

खटपट्या : इंग्लंडमधल्या डक्सफर्डचं हे स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, १९४३ चं. बेल्जियमच्या हवाई दलानंतरचे मालक शोधतोय. पण एमएच४३४ टाकलं की नुसत्या युद्धकथाच येतात.

गंजका रिव्हेट : येणारच! लष्करी क्रमांक सोडा, नागरी नोंदणी धरा. १९५६ ला ते बेल्जियमच्या कोजिआ कंपनीकडे गेलं, ओओ-एआरए म्हणून. काम काय, तर ऑस्टेंडहून नेमबाजीच्या सरावाचं लक्ष्य मागे बांधून ओढत फिरायचं. एवढं देखणं विमान आणि ही हमाली! १९६३ ला ब्रिटनमध्ये जी-एएसजेव्ही झालं. ही अक्षरं तिथल्या विमान प्राधिकरणाच्या जी-इन्फो या ऑनलाइन नोंदवहीत टाका, जुन्या नोंदींचे स्कॅन मिळतील.

खटपट्या : बघतो. पण सगळे तर रे हॅनांचं विमान म्हणतात?

गंजका रिव्हेट : ते नंतरचं. १९६९ ला उद्योगपती एड्रियन स्वायर, मग १९८३ च्या लिलावात हॅना, रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरतींच्या पथकाचे माजी प्रमुख. नोंदणीत कंपनीचं नाव दिसलं तर बिचकू नका, अशी विमानं बरेचदा कंपनीच्याच नावावर असतात.

पंखा : निर्मिती क्रमांकही जुळवा हो. काही स्पिटफायर म्हणजे क्रमांकाची पाटी तेवढी जुनी, बाकी सगळं नवं.

गंजका रिव्हेट : हे त्यातलं नाही. पण जुळवा, बिघडतंय काय!