‘ड्रंकन मास्टर’ आता बघवत नाही म्हणे!

टवाळ: परवा इथे एकीने लिहिलं, "पोरांना घेऊन ‘ड्रंकन मास्टर’ पुन्हा लावला, अर्ध्यात बंद केला. माकडचेष्टा, दारूचं कौतुक, कथा शून्य. लहानपणी आपण काय बघत होतो!" प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा.

बाई, कथाच हवी होती तर जॅकी चॅनच्या दारात कशाला गेलात? 1978चा हाँगकाँगचा सिनेमा. त्यात जॅकी झालाय तो वाँग फेइ-हुंग हा खराखुरा माणूस, फोशानचा वैद्य आणि उस्ताद. 1949पासून क्वान टाक-हिंग हा नट त्याला पडद्यावर सोज्वळ गुरुजी म्हणून उभा करत होता. दिग्दर्शक युएन वू-पिंगने त्याच थोर पुरुषाचा उनाड, मार खाणारा कार्टा केला. तिथल्या प्रेक्षकाला अर्धं हसू त्याचंच.

आणि मारामारी बघा की! कॅमेरा लांब, दोघेही डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये. तालमीत तर गडी उलटा टांगलेला, खालचं पाणी चिमुकल्या कपांनी उचलून वरच्या पिंपात ओततोय. प्रत्येक खेपेला पोटाला पीळ पडताना दिसतो. आताचे हिरो एक बुक्की मारतात, त्यात चार कट.

खमकी: ‘एकीने’ म्हणजे मी. नाव घ्यायला लाज वाटते का? सुरुवातीलाच हा पैजेखातर अनोळखी मुलीला फसवून मिठीत घेतो. लेकीने विचारलं, "आई, हा हिरो आहे?" काय सांगू, कॅमेरा लांब आहे?

टवाळ: त्यावर तिची आई त्याला बदडून काढते, ते सोयीस्कर विसरलात. वर ती नात्यातलीच निघते.

खमकी: आणि ती नात्यातली निघाली म्हणून पंचाईत! अनोळखीच असती तर चालून गेलं असतं. मोठेपणी खटकतं ते हेच.

अर्धवटराव: शेवट तरी बघायचा होता. आठ मद्यपी देवांच्या लढायच्या आठ शैली. त्यातली मिस हो या देवीची बायकी म्हणून हा शिकतच नाही, आणि खलनायक झालेल्या ह्वांग जांग-लीच्या लाथांपुढे नेमकी तीच उपयोगी पडते.

खमकी: हो, कंबर मुरडून, नखरे करून, हशा पिकवत. फार मोठा सन्मान.

पट्टेवाला: हे सिनेमे बघूनच बाबांच्या मागे लागून कराटेला गेलो. सर दर पट्ट्याच्या परीक्षेला फी घ्यायचे, नापास कुणीच नाही! केशरी पट्टा घेऊन शाळेत भांडलो आणि मार खाऊन आलो. असो, अवांतर.

केबलकुमार: सगळे मुद्द्याचं सोडून बोलताय. हिंदीत पाहिला का? केबलवाला दुपारी लावायचा ती टपोरी हिंदी नसेल तर मजा काय!

शुद्धमती: हिंदी डबिंगने वाट लावली त्या सिनेमांची. कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगची भाषा, आणि सबटायटल्स, बस्स. बाकी पाहिला म्हणू नये.

केबलकुमार: ताई, तेव्हा हाँगकाँगमध्ये शूटिंग आवाजाशिवाय व्हायचं, आवाज मागाहून भरायचे. तुमचं ‘मूळ’सुद्धा डबिंगच. ओठ जुळतात का, बघा जरा.

शुद्धमती: भाषा तरी तिथली असते. तुम्हाला जॅकीचा दारुडा गुरू भिकारी सो बंबइया बोललेला चालतो, हा अभिरुचीचा प्रश्न आहे.

केबलकुमार: आली अभिरुची! चाळीत दहाबारा पोरं एका टीव्हीसमोर बसायची, सबटायटल कुणाच्या बापाला वाचता येत होतं?

शुद्धमती: बापावर जाऊ नका.

टवाळ: अहो, धागा जॅकीचा आहे.

केबलकुमार: जॅकीला आवाज कुणी दिला, हा जॅकीचाच विषय आहे.

अर्धवटराव: दारूचं राहिलंच. 1994च्या दुसऱ्या भागात बाप दारूवरून त्याला झोडपतो. शेवटी औद्योगिक अल्कोहोल पिऊन डोकं कामातून गेल्याचा विनोदही होता, परदेशातल्या प्रिंटमधून उडवला. कौतुक एवढंही नाही.

खमकी: म्हणजे मतिमंदपणावर हसायचं! बाजू माझी घेताय की त्यांची?

टवाळ: बरं, मिठीचा प्रसंग भिकार आहे. लिहून घ्या, पुन्हा म्हणणार नाही. पण पाण्याच्या कपांपर्यंत पाहिलात का, ते सांगा.

खमकी: पाहिलं. चांगलं आहे. मुलगा रात्री पलंगावरून उलटा लोंबकळून ग्लासाने पाणी भरत होता, गादी भिजली. वाळवायला येताय का?

केबलकुमार: मुलाने हिंदीत पाहिला असणार.