परफ्युजनला मराठीत काय म्हणाल?

फोंड्याची लेखणी: आयसीयूबाहेर बसणाऱ्या नातेवाइकांसाठी सेप्सिसवर (जंतुसंसर्गाला शरीर बेफाम प्रतिसाद देतं आणि अवयव बिघडतात, त्यावर) साधं मराठी माहितीपत्रक लिहितेय. ‘यकृताचं परफ्युजन बिघडतं’ इथे अडले. परफ्युजन म्हणजे अवयवाच्या पेशीपेशीपर्यंत रक्त पोचणं. ‘रक्तप्रवाह कमी होतो’ असं लिहिलं, तर डॉक्टरांनी खोडलं. म्हणाले, सेप्सिसच्या सुरुवातीला यकृताकडे जाणारं रक्त कधीकधी वाढतंसुद्धा, पण प्राणवायूची गरज त्याहून वाढलेली असते. शिवाय ‘यकृत’ जड वाटलं म्हणून मी ‘काळीज’ वापरलं होतं. शेजारच्या मावशींनी वाचून विचारलं, “म्हणजे हार्ट अटॅक?” शब्द सुचवा.

घाटावरचा: काळीज म्हणजे यकृतच. मटणाच्या दुकानात काळीज मागा, काय देतात बघा. मूळ संस्कृत ‘कालेय’. मावशींसाठी शब्द का सोडायचा?

पेडणेकरीण: काळजाचा ठोका चुकतो तेव्हा तुमचं यकृत ठोके देत असतं का? आणि इथे घरात कोंकणी बोलणाऱ्याला काळीज म्हणजे हृदयच. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती आजी लिव्हरला ‘फिगद’ म्हणायच्या, पोर्तुगिजातून आलेलं.

घाटावरचा: मग पत्रकात फिगद लिहा!

रात्रपाळी: भांडण बाजूला ठेवून आधी काय होतं ते बघा, शब्द त्यातून निघेल. यकृताला दोन वाटांनी रक्त येतं. सुमारे ७५ टक्के आतड्यांकडून, पोर्टल शिरेतून, म्हणजे एकदा वापरलेलं. बाकीचं धमनीतून, ताजं. प्राणवायू मात्र दोन्हीकडून साधारण निम्मा-निम्मा. एरवी पोर्टलचं रक्त घटलं की धमनी सैल होते आणि थोडीफार भर काढते. सेप्सिसमध्ये ही सोय ढिली पडू शकते. त्यात बारीक वाहिन्यांचं अस्तर सुजतं, पांढऱ्या पेशी नि छोट्या गुठळ्या अडकतात. मोठ्या नळात धार आहे आणि काही पेशींना थेंब नाही, असं होतं. रांगेत शेवटी असलेल्या पेशी आधी जातात.

कुळागरी: हे तर आमचं कुळागर, पोफळीची बाग! पाट भरून वाहतोय, पण मधे माती बसली की शेवटच्या ओळीतल्या पोफळीचं आळं कोरडं. वरच्या ओळींनी पिऊन उरलेलं पाणी म्हणजे तुमची पोर्टल, झरीचं थेट पाणी म्हणजे धमनी. आजोबा पाट बघून कधी समाधान मानत नसत, मुळाशी बोट खुपसून बघायचे. या कामाला शिंपणं म्हणतात. ‘रक्तशिंपण’ घ्या.

शुद्धलेखक: शिंपण म्हणजे वरून शिंतोडे. ‘रक्तसिंचन’ योग्य, तत्सम आणि घडवलेलं.

पेडणेकरीण: रक्तसिंचन वाचून मला रणांगण दिसलं. ‘मुरणं’ का नको? रक्त येतं, पण मुरत नाही.

घाटावरचा: ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ कधी म्हणतात, माहीत आहे ना? आयसीयूबाहेर हे वाचलं की लोक आधी बिल तपासतील.

रात्रपाळी: मुरूनही भागत नाही कधीकधी. प्राणवायू पेशीपर्यंत पोचतो, पण पेशीच्या आतली ऊर्जा बनवणारी मायटोकाँड्रिया तो वापरू शकत नाहीत.

कुळागरी: मूळ कुजलं तर आळं भरून काय उपयोग.

रात्रपाळी: गंमत म्हणजे ग्रीकमध्ये सेप्सिसचा अर्थ कुजणंच. पण हे नातेवाइकांना सांगू नका. एकदा रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स हजारांत गेली म्हणून मी ‘शॉक लिव्हर’ (प्राणवायू कमी पडून लिव्हरला झालेली इजा) म्हटलं, तर रुग्णाच्या भावाने विचारलं, “करंट कुठे लागला?” त्याचं दुसरं नाव हायपॉक्सिक हिपॅटायटिस. ते सांगितलं तर ‘कावीळ पसरेल का’ म्हणून सगळे चार पावलं मागे.

शुद्धलेखक: सेप्सिस आणि ‘शाप’ एकाच धातूतले असणार.

पेडणेकरीण: ‘असणार’ म्हणजे तुम्हाला आत्ता सुचलं.

शुद्धलेखक: विचार करण्यासारखं आहे, एवढंच म्हटलं.

फोंड्याची लेखणी: कुळागरींचं वाक्य मावशींना ऐकवलं. त्या लगेच म्हणाल्या, “हां, पाणी लागत नाही झाडाला!” म्हणून तूर्त लिहिलंय: ‘रक्त येतं, पण लिव्हरला लागत नाही.’ ‘यकृत’ कंसात. परफ्युजन तसंच राहिलं.

शुद्धलेखक: ‘लागत नाही’ म्हणजे गरज नाही असाही अर्थ होतो.

घाटावरचा: ते असो. लिव्हर ‘ते’ की ‘ती’?

पेडणेकरीण: आमच्याकडे ‘ती’.

घाटावरचा: अहो, यकृत नपुंसकलिंगी!

पेडणेकरीण: यकृताचं कोण विचारतंय?