टी४८० वर दिवाळी अंक : १ लाख ४२ हजारांचा नवा लॅपटॉप घ्यावा का?

जुळारी :
नमस्कार मंडळी. काम छापील मासिकांच्या पानजुळणीचं. यंत्र लेनोवोचा थिंकपॅड टी४८० लॅपटॉप : आय५-८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम (एकच पट्टी), २५६ जीबी एनव्हीएमई एसएसडी, मूळचाच फुल एचडी पडदा, विंडोज ११. इनडिझाइन आणि फोटोशॉप २०२४ एकाच वेळी उघडे असतात, शिवाय क्रोममध्ये पंधरा-वीस टॅब.

अडचण अशी : २४० पानांचा दिवाळी अंक एकाच फाइलमध्ये आहे. पान पुढे सरकवलं की चित्रं उमटायला वेळ लागतो. मुखपृष्ठाची ४० थरांची फाइल उघडली की इनडिझाइन गोठतं. १६ पानी फर्म्याची (एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाची) पीडीएफ निघायला ६ ते ७ मिनिटं लागतात. बॅटरी दीड तासावर आली आहे.

दुकानात सांगितलेला नवा लॅपटॉप : इंटेल कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, १४ इंची २.८के ओलेड पडदा. जीएसटीसह १,४२,०००. त्याच दुकानात टी४८० ला १६ जीबीच्या दोन पट्ट्या, १ टीबी एसएसडी आणि मागची बॅटरी घालायचे ३१,००० सांगितले. यंत्र छापखान्यात आणि संपादकांकडे न्यावं लागतं. पुढची चार वर्षं काढायची आहेत. नव्यात एवढे पैसे घालणं खरंच वसूल होईल का?

मिलीसेकंद :
पैसे काढण्याआधी अर्धा तास मोजमापाला द्या. यंत्र नक्की कशासाठी थांबतंय हे कळल्याशिवाय कुठलाही सल्ला अंदाजाचाच.

रोजच्यासारखं सगळं उघडा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर, त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे ‘कमिटेड’ नावाचे दोन आकडे दिसतील. पहिला आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांनी मिळून मागितलेली जागा. तो रॅमच्या बराच पुढे गेला असेल तर उरलेला भार एसएसडीवरच्या पेजफाइलवर पडतो. मग डिस्कचा आलेख पाहा, आणि सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे तेही.

फोटोशॉपमध्ये खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे फाइलचा आकार दिसतो, तिथल्या बाणावर टिचकी मारून ‘एफिशियन्सी’ निवडा. आकडा १०० असेल तर काम रॅममध्येच चाललंय. ९० च्या खाली सतत राहत असेल तर फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅम पुरत नाही म्हणून डिस्कवर घेतलेल्या तात्पुरत्या जागेत, लिहीत बसलंय.

शेवटी पीडीएफ काढत असताना सीपीयूचा टक्का पाहा. तुमच्या प्रोसेसरला ४ कोर आणि ८ थ्रेड आहेत. एकच थ्रेड पूर्ण भरला तर टास्क मॅनेजर साधारण १२ ते १३ टक्केच दाखवतो. त्यामुळे ‘सीपीयू तर रिकामाच आहे’ असा गैरसमज होतो. त्याखालचा गिगाहर्ट्झचा आकडाही बघा. तो ०.४ किंवा ०.८ ला चिकटून राहिला असेल तर चार्जर कमी ताकदीचा आहे, किंवा सेन्सर बिघडून प्रोसेसरला मुद्दाम दाबून धरतोय. तसं असेल तर आधी चार्जर बदलून बघा.

जुळारी :
मोजलं. कमिटेड १८.९ जीबी. डिस्क बहुतेक वेळ ९० ते १०० टक्के. सी ड्राइव्हवर मोकळी जागा १४ जीबी. फोटोशॉपची एफिशियन्सी मुखपृष्ठावर काम करताना ५८ ते ६५. पीडीएफ निघताना सीपीयू १५ टक्क्यांच्या आसपास, वेग ३.१ गिगाहर्ट्झ, पण डिस्क तेव्हाही भरलेलीच.

मिलीसेकंद :
मग चित्र बरंच स्पष्ट आहे. ८ जीबीत १९ जीबीचं काम कोंबलंय. जास्तीचं ज्या एसएसडीवर सांडतंय, तीही जवळपास भरलेली. भरत आलेली एसएसडी लिहिताना मंदावते, कारण वेगाने लिहून घ्यायला वापरायची मोकळी जागाच तिच्याकडे उरत नाही. पेजफाइल आणि फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क दोन्ही त्याच १४ जीबीत भांडतायत. इनडिझाइन गोठतं ते यामुळे.

म्हणजे रॅम आणि डिस्क ही दोन कामं आधी. पण १६ च्या दोन पट्ट्या घेऊ नका. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे दर चढले आहेत आणि तुमची गरज १९ जीबीची आहे. टी४८० ला दोन खाचा आहेत, एक रिकामी आहे. तिथे १६ ची एकच पट्टी घाला, आहे ती ८ ची राहू द्या. एकूण २४. आकार वेगळे असले तरी चालतात : पहिले १६ जीबी दोन वाहिन्यांनी चालतात, उरलेले ८ एका वाहिनीने. आत्ता एकच पट्टी असल्याने तुमचे ग्राफिक्स अर्ध्या वाटेने चाललेत, तेही सुधारेल. पट्टी डीडीआर४ एसओडिम (लॅपटॉपची छोटी पट्टी) हवी. ३२०० वेगाची मिळाली तरी घ्या, ती २४०० वर चालेल.

हे झाल्यावर पुन्हा पीडीएफ काढा. डिस्क शांत आणि सीपीयू तरीही १३ ते १५ टक्क्यांवर अडकलेला दिसला, तर आता मर्यादा एका कोरच्या वेगाची आहे. ती रॅमने हटत नाही. तिथे नवा लॅपटॉप खरोखर दुपटीच्या आसपास वेग देईल. ३१ हजारांहून कमी पैशांत हे कळत असेल तर १ लाख ४२ हजारांचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.

स्क्रूड्रायव्हर :
दुकानात द्यायचं नसेल तर घरी करण्यासारखं काम आहे, फक्त क्रम चुकवू नका. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, मागची काढता येणारी आणि आतली २४ वॉट-अवरची. मागची काढली म्हणजे वीज बंद झाली असं समजून लोक आत हात घालतात आणि पट्टी बसवताना बोर्डाला झटका देतात. आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर तो थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. यंत्र चालू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जा. कॉन्फिग, पॉवर, ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’. यंत्र बंद होईल. मग मागची बॅटरी काढा. तळाचे सहा स्क्रू सैल करा, ते झाकणातच अडकून राहतात, बाहेर निघत नाहीत. झाकण जुन्या प्लास्टिक कार्डाने कडेकडेने सोडवा. धातूचं पातं घातलं की खिट्ट्या तुटतात.

पट्टी ३० अंशांत तिरकी घालून, सोनेरी कडा दिसेनाशी होईपर्यंत सरकवून मग खाली दाबा. अर्धवट बसली तर यंत्र चालू होतं पण पडदा काळा राहतो, आणि माणूस घाबरून पट्टी खराब ठरवतो. एसएसडी २.५ इंची खणातल्या अडॅप्टरवर असते. त्या खणाची चपटी केबल नाजूक आहे, ओढायची नाही, कनेक्टर उचलायचा. आणि महागडी एसएसडी घेऊ नका : त्या अडॅप्टरला पीसीआयई जेन ३ च्या दोनच लेन मिळतात. सेकंदाला ७,००० एमबीचा दावा करणारी डिस्क तिथे दीड हजाराच्या आसपासच चालते. १ टीबी, मध्यम दराची, पण चांगल्या कंपनीची पुरे. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला ठेवा.

मागची बॅटरी २४, ४८ आणि ७२ वॉट-अवर अशा तीन आकारांत येते. फिरतीचं काम आहे तर ७२ ची घ्या, यंत्राची मागची कड थोडी उचलली जाते इतकंच. स्वस्तातली नकली बॅटरी बायोस नाकारू शकतं, तेव्हा परत घ्यायची हमी बिलावर लिहून घ्या. उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ काढा.

आणखी एक, हे विसरू नका : या मालिकेतल्या जुन्या थंडरबोल्ट फर्मवेअरमुळे (यूएसबी-सी पोर्ट चालवणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रॅममुळे) यूएसबी-सी पोर्ट कालांतराने बंद पडू शकतो. लेनोवोने त्यावर दुरुस्तीचं अपडेट दिलेलं आहे. पोर्ट चालू असतानाच ते घाला.

पानमांडणी :
यंत्राचं ठीक, पण फाइलचंही बघा. २४० पानं एकाच दस्तऐवजात ठेवली तर कुठलाही लॅपटॉप कुथेल. इनडिझाइनमध्ये ‘बुक’ करा, प्रत्येक फर्मा किंवा विभाग वेगळी फाइल. पानांचे क्रमांक बुक आपोआप सांभाळतं. पेजेस पॅनलमधली छोटी चित्रं बंद करा, खालच्या पट्टीतलं लाइव्ह प्रीफ्लाइट (चुकांची सतत चालणारी तपासणी) बंद करा (छपाईला देण्याआधी चालू करून एकदा तपासा), डिस्प्ले परफॉर्मन्स ‘टिपिकल’ वर ठेवा. वर्षानुवर्षं त्याच फाइलवर नवा अंक चढवला जात असेल तर एकदा आयडीएमएल (इनडिझाइनचाच दुसरा फाइल प्रकार) करून पुन्हा उघडा, साचलेला कचरा निघून जातो.

युनिकोड मजकुराला वर्ल्ड-रेडी कंपोझर (ओळी जुळवणारी इनडिझाइनची सोय) लागतोच, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. पण त्यात दोन प्रकार आहेत. पॅराग्राफ कंपोझर अख्ख्या परिच्छेदाच्या ओळींचा एकत्र विचार करतो, म्हणून लांब कथांमध्ये एक शब्द बदलला तरी जड पडतो. प्रुफं चालू असताना स्टाइलमध्ये दुसरा, एकेका ओळीचा विचार करणारा सिंगल-लाइन ठेवायचा मोह होतो. तो टाळा. शेवटी बदललात तर ओळी सरकतात आणि तपासलेलं मुद्रित वाया जातं. सुरुवातीलाच एक ठरवा.

पीडीएफच्या ६-७ मिनिटांतला काही भाग प्रीसेटचाही (पीडीएफच्या ठरवलेल्या सेटिंगचाही) असू शकतो. पीडीएफ/एक्स-१ए हा छपाईचा पीडीएफ प्रकार पारदर्शकता सपाट करतं, सावल्या आणि विरळ कडा असलेल्या जाहिराती असतील तर तिथे वेळ जातो. शिवाय सावलीखाली आलेला मजकूर बाह्यरेषेत बदलून ठळक दिसतो. छापखान्याला विचारा, पारदर्शकता तशीच ठेवणारा एक्स-४ चालत असेल तर तेच द्या.

नव्या लॅपटॉपबद्दल माझी खरी हरकत पडद्याची आहे. टी४८० चा मूळ फुल एचडी पडदा रंगकामाला वाईटच, निम्म्याच्या आसपास रंग दाखवतो. पण ओलेड म्हणजे उलट टोक. रंग सांभाळायची सोय नसलेल्या प्रोग्रॅममध्ये त्यावर लाल-केशरी भडक दिसतात, आणि संपादक तेच बघून ‘छापील मुखपृष्ठ फिकं का?’ म्हणून विचारतात. शिवाय इनडिझाइनची पॅनलं दिवसभर एकाच जागी असतात, ओलेडवर त्यांचा डाग पडण्याचा धोका आहे. रंग ठरवायला घरी २४ इंची, ९९ टक्के एसआरजीबी (रंगांची प्रमाणित मर्यादा) दाखवणारा आयपीएस मॉनिटर घ्या. तो पुढच्या यंत्रालाही चालेल. टी४८० चं एचडीएमआय ४के ला ३० हर्ट्झच देतं, त्यामुळे ४के घेतलात तर यूएसबी-सीने जोडा.

मिलीसेकंद :
पानमांडणी यांच्याशी सहमत. त्यात भर : २५८व्ही मधली ३२ जीबी रॅम प्रोसेसरच्याच पाकिटात आहे, नंतर वाढवता येत नाही. दुकानदाराने ऐनवेळी ‘तोच आहे’ म्हणून २५६व्ही पुढे केला तर तो १६ जीबीचा. शेवटचा अंक नीट बघा. स्वस्त पडतोय म्हणून स्नॅपड्रॅगनवाला (आर्म जातीच्या प्रोसेसरचा) घ्यायचा विचार असेल तर तुमच्यासाठी नको. जुन्या फॉन्ट सॉफ्टवेअरचं डाँगल (परवान्यासाठी लावायची यूएसबी किल्ली) आणि छापखान्यातल्या जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर आर्मसाठी लिहिलेले नसतील तर ते चालतच नाहीत.

हिशेबनीस :
पैशाची बाजू. १,४२,००० मध्ये १८ टक्के जीएसटी धरला तर मूळ किंमत १,२०,३३९ आणि कर २१,६६१. तुम्ही जीएसटी नोंदणीकृत असाल आणि बिल धंद्याच्या नावावर असेल तर हे २१,६६१ क्रेडिटमध्ये मिळतात. बिलावर जीएसटी क्रमांक दुकानातच घालून घ्या, नंतर बदलून मिळवायला त्रास होतो. संगणकावर घसारा (किमतीतला दरवर्षी खर्चात धरायचा भाग) ४० टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे ४८,१०० खर्ची पडतात. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह साधारण १० हजारांचा कर वाचतो. यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांहून कमी वापरलं गेलं तर घसारा निम्माच, तेव्हा ३ ऑक्टोबरच्या आत वापरात यायला हवं. अनुमानित पद्धतीने (उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून) विवरण भरत असाल तर घसाऱ्याचा वेगळा फायदा नाही, आणि मग नव्याची बाजू आणखी हलकी होते.

कर वाचतो म्हणून खरेदी करू नका. पहिल्या वर्षी हातातून १,१०,००० च्या आसपास तरी जातातच.

जुळारी :
सर्वांचे आभार, बुकची कल्पना आजच राबवतो. नोंदणी आहे, नेहमीच्या पद्धतीनेच विवरण भरतो. सध्या १६ ची एक पट्टी, १ टीबी आणि ७२ ची बॅटरी असं ठरवतोय. एकच शंका : पुढे नवं यंत्र घेतलंच तर जुने अंक जसेच्या तसे उघडतील ना? सदरांचे साचे जुन्या फॉन्टमध्ये आहेत.

पानमांडणी :
ते यंत्रावर नाही, आवृत्तीवर ठरतं, आणि तुमच्याकडे २०२४ आहे म्हणजे प्रश्न आत्ताच उभा असेल. इनडिझाइन बनवणाऱ्या ॲडोबीने टाइप १ या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढला. फॉन्टच्या फोल्डरमध्ये पीएफबी आणि पीएफएम फाइली दिसल्या तर ते टाइप १, इनडिझाइन २०२४ मध्ये ‘मिसिंग’ दाखवणार. टीटीएफ असतील तर चालतील. टाइप मेनूतलं ‘फाइंड/रिप्लेस फॉन्ट’ उघडा, यादीत कुठल्या नावापुढे त्रिकोण येतो ते बघा. त्या साच्यांचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं काम जुलैतच काढा. रूपांतरानंतर रफार, ऱ्य आणि अवतरणचिन्हं हाताने तपासावी लागतात, आणि अंकाच्या घाईत ते होत नाही.

स्क्रूड्रायव्हर :
पट्टी बसवल्यावर लगेच अंकाचं काम सुरू करू नका. रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवा. एकही चूक दाखवली तर पट्टी त्याच आठवड्यात परत करा. सदोष रॅमवर इनडिझाइन दर वेळी बंद पडतंच असं नाही, फाइल गुपचूप बिघडू शकते, आणि ते कळतं छापखान्यात.