रोज हिंगणा एमआयडीसी, महिन्यातून हिंगणघाट: ॲव्हरेज पाहून गाडी घ्यायची की माणसं पाहून?

मनीषनगरवाली

नमस्कार मंडळी. आमच्याकडे गाडी घ्यायचं ठरून राहिलं आणि त्यावरून रोज रात्रीच्या जेवणात वाद होऊन राहिला. म्हणून इथे विचारते.

मी हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. घर मनीषनगर. छत्रपती चौक, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, हिंगणा टी-पॉइंट हा माझा रस्ता, येऊन-जाऊन पंचवीसेक किलोमीटर. आजवर ॲक्टिव्हावर काढलं. पण सेकंड शिफ्ट असली की मे महिन्यात भर दुपारी एकला निघावं लागतं. स्कार्फ, गॉगल, हातमोजे सगळं चढवूनही टी-पॉइंटच्या सिग्नलला उभं राहिलं की जीव नकोसा होतो. आणि रात्री सुटल्यावर एकटीनं परत यायचं, ते वेगळंच.

दुसरी गरज म्हणजे गाव. हिंगणघाटजवळ सासऱ्यांची शेती आहे, महिन्यातून एखादी चक्कर असतेच. एकीकडून पंच्याहत्तरेक किलोमीटर. जाताना आम्ही पाच: दोघं नवरा-बायको, सासू-सासरे आणि नववीतला मुलगा, जो बापापेक्षा उंच झालाय. येताना हेच पाच आणि वर तुरीचं नाही तर चण्याचं पोतं. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आमच्या शेजाऱ्यांच्या छोट्या गाडीत बसताना ते आधी पाठ आत टाकतात, मग एकेक पाय हातानं उचलून घेतात. मला बघवत नाही.

नवऱ्याचं म्हणणं एकच: सगळ्यात जास्त ॲव्हरेज देणारी घ्यायची. कंपन्यांचे आकडे त्यांनी वहीत उतरवून ठेवलेत. सेलेरिओ एएमटी (स्वतःच गिअर बदलणारी) २६.६८, स्विफ्ट २४.८०, ऑल्टो के-१० २४.३९, वॅगनआर १.० लिटर २४.३५, वॅगनआर १.२ लिटर २३.५६, टाटा पंच २०.०९. सव्वीसची गाडी समोर असताना तेवीसची घेणं म्हणजे खिशाला भोक पाडणं, असं त्यांचं मत. त्यात शोरूमचा पोरगा सीएनजीसाठी मागे लागलाय. "मॅडम, चौतीसचा ॲव्हरेज आहे, डोळे मिटून घ्या."

मला डोळे मिटून काहीच घ्यायचं नाही. बजेट ऑन-रोड आठ लाखांच्या आत. वर्षाचं रनिंग मी दहा हजार किलोमीटर धरलंय. सांगा, या आकड्यांना किती भाव द्यायचा?

बर्डीकर

ताई, गाडी घ्याच, पण रोजच्यासाठी मेट्रोचा विचार केला का? जयप्रकाशनगरवरून बर्डीला (सीताबर्डी) या, तिथे ॲक्वा लाइन पकडा, थेट लोकमान्यनगर. एमआयडीसीच्या तोंडाशी उतरता. ऊन नाही, ट्रॅफिक नाही. गाडी मग फक्त गावासाठी, आणि तसं असेल तर ॲव्हरेजचा प्रश्नच मिटला.

मनीषनगरवाली

फर्स्ट शिफ्टला करते मी तेच. सेकंडला सुटेपर्यंत शेवटची मेट्रो हातची गेलेली असते. आणि स्टेशनपासून आमची कंपनी आत बरीच लांब आहे, रात्री ऑटो मिळत नाही.

हिशोबी धरमपेठ

तुमच्या मिस्टरांची वही चांगली आहे, फक्त एक रकाना कमी आहे. रुपयांचा.

आधी ते आकडे कुठून येतात ते पाहा. गाडी रस्त्यावर नाही, प्रयोगशाळेत रोलरवर चालवतात. साधारण वीस मिनिटांची ठरलेली चक्कर, सरासरी वेग ताशी तीस-बत्तीसच्या घरात, जास्तीत जास्त नव्वद, आणि एसी बंद. एसी बंद ठेवून मे महिन्यात त्रिमूर्तीनगर ओलांडून दाखवा म्हणावं. एएमटीचा आकडा मॅन्युअलपेक्षा वर दिसतो, कारण ती लवकर वरचा गिअर टाकते आणि त्या ठरलेल्या चकरीत तेवढं पुरतं. सिग्नलवरून रेटून निघालात की तो फायदा बराचसा विरतो. गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला हे आकडे ठीक, घरखर्च काढायला नाही.

आता रुपये. हिशोबाला सोपं म्हणून पेट्रोल १०५ धरतो. वर्षाला दहा हजार किलोमीटर. प्रत्यक्षात वीस देणारी गाडी ५०० लिटर पिते, म्हणजे ५२,५०० रुपये. अठरा देणारी ५५६ लिटर, म्हणजे साधारण ५८,३००. फरक वर्षाला ५,८०० रुपये, महिन्याला पाचशेच्याही आत. एवढ्यासाठी सासऱ्यांनी दरवेळी पाय हातानं उचलायचे का, हे मिस्टरांना विचारा.

आणखी एक गंमत आहे जी लोक पाहत नाहीत. बारावरून चौदावर गेलात तर दहा हजार किलोमीटरमागे ११९ लिटर वाचतात. वीसवरून बावीसवर गेलात तर फक्त ४५. वाढ दोन्हीकडे दोनाचीच. म्हणजे जुनी जीप विकून छोटी गाडी घेणाऱ्यानं ॲव्हरेज जरूर पाहावं. पण तुमच्या यादीतल्या सगळ्याच गाड्या मुळात कमी पिणाऱ्या आहेत. त्यांच्यात दोन-तीनच्या फरकावर भांडणं म्हणजे वेळ जात नाही म्हणून भांडणं.

आणि वॅगनआरची दोन इंजिनं बघा ना. १.० लिटर २४.३५, १.२ लिटर २३.५६. एक किलोमीटरचाही फरक नाही! पहिलीत ताकद ६७ पीएस, दुसरीत ९० च्या आसपास. वहीत हे दोन आकडे खाली-वर लिहिलेले असूनही कोणाच्या नजरेत कसे आले नाहीत?

नंदनवनचा भाऊ

हिशोबी साहेबांनी कागदावरचं सांगतलं, मी चालवून राहिलो ते सांगतो. माह्याकडे वॅगनआर सीएनजी आहे, एमएच-४९. मार्केटिंगचं काम, रोज भंडारा नाहीतर उमरेड नाहीतर काटोल. माह्यासारख्याले सीएनजी परवडते. तुमच्यासारख्याले नाही परवडत, ताई. तो शोरूमवाला पोट्टा तुम्हाले तुमचं रनिंग न विचारता सांगून राहिला.

पहिलं म्हणजे डिक्की. डिक्कीत ६० लिटरची टाकी बसते. उरलेल्या जागेत दोन हँडबॅगा आणि एक छत्री. तुरीचं पोतं कुठं ठेवसान? मुलाच्या मांडीवर? टाटाच्या सीएनजीत दोन लहान टाक्या डिक्कीच्या तळाशी टाकतात, ह्युंदाईनं बी आता तसं काढलं, तिथं थोडी जागा मिळते. पण कट्टा उभा राहणार नाही.

दुसरं, आपल्या इकडे सीएनजीचा भाव. मुंबई-पुण्याच्या लोकायचे व्हिडिओ पाहून इथं हिशोब करू नका. २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी किलोले १२० झाला होता, पेट्रोलच्या वर! कारण गॅस पाइपलाइननं नाही, टँकरनं येत होता. आता तसं नाही, पण आपल्याकडचा भाव त्यांच्या भावाशी जुळत नाही. पंपावर जाऊन पाटी वाचा.

तिसरं, रांग. रात्री शिफ्ट सुटल्यावर एकटीनं गॅसच्या रांगेत उभं राहाल काय तुम्ही? मी राहतो, माहं पोट आहे त्याच्यावर.

हिशोबी धरमपेठ

नंदनवनच्या भाऊंच्या बोलण्याला आकडे जोडतो. सीएनजीचं खरं ॲव्हरेज किलोला २५ धरा, भाव ९० धरा. वर्षाला ४०० किलो, ३६,००० रुपये. पेट्रोलपेक्षा साडेसोळा हजार वाचले. सीएनजी मॉडेलला साधारण नव्वद हजार जास्त मोजावे लागतात, म्हणजे ते वसूल व्हायला साडेपाच वर्षं. भाव २०२२ सारखा १२० ला गेला तर वर्षाची बचत साडेचार हजारांवर येते आणि वसुली मुलाच्या लग्नापर्यंत लांबते. भाऊंचं रनिंग तिप्पट असेल तर त्यांची वसुली दोन वर्षांत होते. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

पंचवाला वर्धारोड

इथे सगळे पेट्रोलच मोजून राहिले, राजेहो. बुटीबोरी ते जाम कधी रात्री गाडी चालवली का? हैदराबादकडचे ट्रक एकामागे एक लागलेले असतात. ताई त्याच रोडनं म्हातारी माणसं आणि पोरगा घेऊन जाणार आहेत.

गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं २०२३ मध्ये वॅगनआरला मोठ्यांच्या सुरक्षेत पाचपैकी एक तारा दिला होता, मुलांच्या सुरक्षेत शून्य. ऑल्टो के-१० ला दोन. पंचला २०२१ मध्ये पाच, टिआगोला २०२० मध्ये चार. आता मारुतीनं या छोट्या गाड्यांतही सहा एअरबॅगा दिल्यात, चांगली गोष्ट आहे. पण एअरबॅग म्हणजे उशी, गाडीचा सांगाडा तोच राहतो.

माझी पंच सिटीत तेरा-चौदा देते, एसी लावून. हायवेला अठरा. वाईट वाटतं का? पंपावर वाटतं, रोडवर नाही. दार नव्वद अंशात उघडतं आणि सीट उंच आहे, तुमच्या सासऱ्यांना आवडेल. मागे मधल्या माणसाला मात्र खांदे आखडून बसावं लागेल, ते खोटं कशाला सांगू.

ईव्हीप्रेमी बेसा

पंचवीस किलोमीटर रोजचे म्हणजे टिआगो ईव्हीचंच काम. घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्री लावली की सकाळी तयार. हिंगणघाट येऊन-जाऊन दीडशे, मोठ्या बॅटरीत एका चार्जला निघून जातं. फक्त तुमचं घर स्वतःचं आहे की फ्लॅट स्कीम, ते सांगा.

मनीषनगरवाली

फ्लॅट स्कीम. खाली पार्किंगमध्ये पाण्याच्या मोटारीचं मीटर कोणाच्या नावावर ठेवायचं यावरच आमच्या मीटिंगमध्ये दोन गट पडलेत. तिथे गाडीच्या चार्जिंगचा विषय काढायची माझी हिंमत नाही. हा पर्याय मनापासून आवडला तरी बाजूला ठेवते.

हिशोबींचे आकडे काल ताटासमोर वाचून दाखवले. नवरा म्हणाला, "पाचशे रुपये म्हणजे पाचशे रुपये." सासरे मात्र पहिल्यांदाच मध्ये बोलले. म्हणाले, "माह्या नावानं महिन्याचे पाचशे लिही, मी तुरीच्या पैशातून देत जाईन." मग जरा वेळ कोणी बोललं नाही आणि नवऱ्यानं वहीतलं सेलेरिओचं नाव स्वतःच खोडलं. ऑल्टो मुलानं आधीच खोडली होती, त्याचे गुडघे मावत नाहीत. स्विफ्ट चालवायला मला फार आवडली, पण सासऱ्यांना सीटवरून वर उचलून काढावं लागलं.

म्हणजे आता उरल्या दोन: वॅगनआर १.२ आणि पंच पेट्रोल. पंचवाल्यांनी ताऱ्यांचं सांगितलं ते डोक्यात बसलंय. वॅगनआरची डिक्की ३४१ लिटर, पंचची ३६६, म्हणजे पोत्याचा प्रश्न दोन्हीत नाही. एसीचं कोणी सांगेल का? शोरूममध्ये सगळ्याच गाड्या थंड असतात.

गॅरेज मानेवाडा

चाळीस वर्षांपासून, म्हणजे वडिलांच्या हातापासून गॅरेज आहे आमचं. एसीचं मी सांगतो.

छोट्या गाडीत एसीचं कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतं. इंजिन जेवढं लहान, तेवढा त्याच्या ताकदीतला वाटा एसी जास्त खातो. एकट्या माणसाला शहरात एक लिटर इंजिन पुरतं, तक्रार नाही. पण वॅगनआरचं स्वतःचं वजन साडेआठशे किलोच्या आतबाहेर. त्यात पाच माणसं आणि एक पोतं टाकलं की निम्मं वजन आणखी चढलं. मग एसी लावून जामच्या अलीकडे ट्रक ओव्हरटेक करायचा तर एक लिटरवाल्यात आधी एसी बंद करतात लोक, मग गिअर खाली टाकतात. गाडी अशी पिळली की कागदावरचं जास्तीचं ॲव्हरेज तिथंच संपतं. म्हणून भरून हायवेला जाणार असाल तर १.२ च घ्या, कोणत्याही कंपनीची.

दुसरी गोष्ट, सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणारी सिस्टिम. ॲव्हरेजच्या आकड्यात तिचा थोडा हात असतो. इंजिन थांबलं की कॉम्प्रेसर थांबतं आणि आपल्या ४५ डिग्रीत मिनिटभरात नुसता वारा यायला लागतो. ती बंद करायचं बटण असतं, डिलिव्हरीच्या दिवशीच विचारून घ्या. माझ्याकडे येणारे निम्मे लोक एसी बिघडला म्हणून येतात, आणि बिघडलेलं काहीच नसतं.

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं विचारतील म्हणून आधीच सांगतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई-१० साठी बसवलेल्या जुन्या चारचाकींत ६-७ टक्के ॲव्हरेज कमी होईल असं धरलं होतं, ई-२० साठी बसवलेल्या गाड्यांत १-२ टक्के. तुमची नवीन असेल, झोप घालवू नका. टायरमध्ये हवा कमी ठेवून त्यापेक्षा जास्त पेट्रोल जाळणारे रोज दिसतात मला. गावाला पाच जण निघाले की दरवाजावरच्या स्टिकरवर फुल लोडचा वेगळा आकडा असतो, तेवढी भरा.

तुमच्या उरलेल्या दोन गाड्यांतली कोणती, ते मी नाही सांगणार. टेस्ट ड्राइव्ह मात्र सकाळी घेऊ नका. दुपारी दोनला बोलवा, गाडी अर्धा तास उन्हात उभी ठेवायला सांगा, मग पाचही जण बसा. सासऱ्यांना स्वतःहून चढू-उतरू द्या, हात देऊ नका. वर्धा रोडच्या डबल-डेकर उड्डाणपुलावर तिसऱ्या गिअरमध्ये चढवून बघा आणि मागच्या सीटवर वारा किती वेळात पोचतो ते मुलाला मोबाइलवर मोजायला लावा. वॅगनआरमध्ये मागे एसीचे व्हेंट नाहीत, पंचच्या काही मॉडेलांत आहेत.

मनीषनगरवाली

शनिवारी दुपारी दोनची दोन्ही शोरूमची वेळ घेतली. उन्हात उभी ठेवा म्हटल्यावर एका ठिकाणचा पोरगा म्हणाला, "मॅडम, पॉलिश खराब होते." मी म्हटलं, मग नागपुरात विकता कशाला?

नंदनवनचा भाऊ

पोतं बी घेऊन जा सोबत. रिकामं नाही, भरलेलं.